पेटी मागवली, सूर नाही आला

(भजनी मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवी निधीतून भजनी मंडळाला नवा पखवाज घ्यायचं ठरलंय. मोबाईलवर मागवायचा की इथल्या कारागिराकडून, यावर गेल्या बैठकीत बराच आवाज झाला. निर्णय कमिटीनं घ्यावा. मी फक्त आधीच्या पेटीची हकिकत सांगतो, कारण ती मागवली मीच.

बाजारभावापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त दिसली, म्हणून भर जुलैत मागवली. खोका उत्तम, पॉलिश झकास. चतुर्थीला पंधरा दिवस राहिले तेव्हा बाहेर काढली, तर तीन पट्ट्या दाबल्या की वरच येईनात आणि एक सूर सारखा बोलत राहिला. परत करायची सात दिवसांची मुदत केव्हाच संपलेली. तपासून न बघणं ही चूक माझीच.

शेवटी बाजारातल्या आपल्या जुन्या कारागिराकडं गेलो. त्यांनी झाकण काढलं आणि विचारलं, "तुमका वाजवची आसा काय शोकेसात ठेवची आसा?" आपल्या किनाऱ्याची हवा दमट आणि खारट. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, स्प्रिंगा-स्क्रू गंजतात. सूर पितळेचे असले तरी त्यांवर हिरवट चढतं आणि आवाज उतरतो. चांगले सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, म्हणजे स्थानिक दुकानातही सगळं स्थानिक नसतंच. पण ते निवडून, घासून, जुळवून बसवणारा माणूस समोर असतो. नऊशे रुपयांत त्यांनी पेटी बोलती केली. पैसे घेताना म्हणाले, "दुरुस्ती माझ्याकडे नि खरेदी मोबाईलवर, मग माझा दुकान कसा चालतला?" मी काही बोललो नाही.

पखवाजाचं तर आणखी नाजूक. आपली मंडळी काळी चार, कधी काळी पाचला गातात. एवढ्या उंच पट्टीला उजवं तोंड लहान लागतं. मोठ्या तोंडाचा पखवाज खालच्या सुराचा. गठ्ठे ठोकून ठोकून चढवला तर पुडी फाटते. मोबाईलवर लिहिलेलं असतं 'मध्यम आकार'. कोणाचं मध्यम? शिवाय शाई उडाली, वादी सैल झाली, पुडी बदलायची झाली, की माणूस इथलाच लागणार.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी तिथंही जाणकार वाजवून, कान लावूनच तंबोरा निवडतो. मानांकनानं गाव कळतं, जवारी कळत नाही.

उगाच मोबाईलला नावं ठेवत नाही हां! मागच्या वर्षी माईक आणि केबल ऑनलाइनच घेतल्या, मॉडेल नंबर बघून. दुकानातही तोच डबा मिळाला असता, जास्त पैशांत. पोरांचं तिथं बरोबर होतं.

कारागीर तयार आहेत. अर्धी रक्कम आगाऊ, दीड महिन्याची मुदत, आणि चतुर्थीआधी एकदा फुकट जुळवून देणार. भाव मोबाईलपेक्षा अडीच हजार जास्त. त्यांच्या मुलानं मुंबईत नोकरी धरली आहे, हाताखाली कोणी नाही. आपल्या पखवाजवादकानं रविवारी स्वतः जाऊन दोन तोंडं वाजवून बघावीत. ज्यांना शंका आहे त्यांनीही बरोबर यावं. सकाळी साडेनऊला गेटपाशी जमू.