तरुण वयांतील छातीचें दुखणें

हिंवाळ्यांत खानदेशांत भरताच्या पंगती रंगतात. अशा एखाद्या रात्रीनंतर पहांटे तिशींतील तरुणाच्या छातींत कळ आली, कीं घरांतील वडीलधारें माणूस सहज म्हणतें, "भरीत बाधलें, पित्त झालें असेल." ओंवा दिला जातो, ऊन पाणी दिलें जातें, आणि तास निघून जातो. पुष्कळदां हें निदान खरेंहि ठरतें. तरुणांच्या छातींतील बहुतेक कळा आम्लपित्ताच्या, स्नायूंच्या किंवा निव्वळ धास्तीच्या असतात. परंतु ज्या थोड्यांचें दुखणें हृदयाचें असतें, त्यांचा तोच तास मोलाचा!

२००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दक्षिण आशियांतील लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं, तर इतर देशांत सुमारें ५९ व्या वर्षीं येतो, असें आढळलें. तेव्हां केवळ वयाकडे पाहून रुग्णास परत धाडणें इकडे तरी शहाणपणाचें नव्हे.

रुग्णालयांत पोंचल्यापासून दहा मिनिटांच्या आंत ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत्‌-आलेख, काढला जावा. शिरपूर, साक्री, चोपडा, रावेर येथील रुग्णानें त्यासाठीं थेट धुळें वा जळगांव गांठण्याचें कारण नाहीं. आलेखाचें यंत्र लहान असतें, आणि त्याचें चित्र दूरच्या तज्ज्ञास क्षणांत पाठवितां येतें. मात्र रुग्णानें स्वतः फटफटी हांकीत जाऊं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणून काम संपत नाहीं. हृदयाचा स्नायु दुखावला, कीं ट्रोपोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. पण त्यास कांहीं वेळ लागतो. म्हणून रक्त कांहीं तासांनीं पुन्हां तपासावें लागतें. "एकदां पाहिलें ना, मग आतां कशाला?" असें म्हणून याच वेळीं नातेवाईक रुग्णास घरीं नेतात. तेवढी कळ सोसली पाहिजे.

याची दुसरीहि बाजू आहे. आलेख व दोन्ही रक्ततपासण्या निर्दोष असून मधुमेह, तंबाखू, रक्तदाब किंवा घराण्यांतील हृदयविकार यांपैकीं कांहीं नसेल, तर अशा तरुणास धोका फारच अल्प असतो. भीतीपोटीं त्याला लगेच धांवपट्ट्यावर चढविणें किंवा सीटी स्कॅन करविणें यांत बहुधा खर्चच पदरीं पडतो.

आलेखाचा कागद मात्र घरीं जपून ठेवावा. निरोगी तरुणांच्या आलेखांतहि चमत्कारिक वळणें असूं शकतात. पुढें कधीं कळ आली, तर जुन्याशीं ताडून पाहतांच नवें वळण कोणतें, हें वैद्यास कळतें.