औषध कोण बनवणार?

(कन्हान इथं बाबू हरदासांच्या स्मृतिदिनी केलेलं भाषण)

मित्रांनो, आयाबायांनो, जय भीम.

हा शब्द ज्यानं आपल्या तोंडी दिला त्याची समाधी इथं नदीकाठी आहे. बाबू हरदास एल. एन. जन्म 1904, कामठीचा. विडी कामगारांची संघटना बांधली, 1937 साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आला आणि 12 जानेवारी 1939 ला क्षयानं गेला. वय पस्तीस. तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता खिशात आहे, राहू द्या. मला आज एक हिशेब मांडायचाय.

आयसोनियाझिड नावाचं क्षयाचं औषध आहे. आजही क्षयाच्या रोग्याला जी औषधं देतात त्यांत ते असतं. हा पदार्थ पहिल्यांदा 1912 साली प्राग शहरात हान्स मेयर आणि योसेफ माली यांनी बनवला. बनवला, नोंद केली, बाटली फळीवर ठेवली. त्यानं क्षयाचे जंतू मरतात हे कळायला 1952 साल उजाडलं. म्हणजे हरदास आठ वर्षांचा पोर होता तेव्हा औषध जगात आलं होतं. तो गेला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचं जुनं होतं. त्या बाटलीला कुणी विचारलंच नव्हतं की बाई, तू कुणाच्या कामाची आहेस.

कुणी म्हणेल, क्षयानं तर गोरेही मेले, यात जात कुठं आली? बरोबर आहे. मग दुसरी बाटली घ्या.

सिकलसेल. इथं बसलेल्यांपैकी किती घरांत आहे, हात वर करायला लावत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते, आणि पोरगं हाडं धरून रात्रभर कण्हतं. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं ती वाकडी पेशी लिहून ठेवली. 1949 साली लायनस पॉलिंगनं दाखवलं की खोट रक्तातल्या एका रेणूत आहे, हिमोग्लोबिनमध्ये. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. देवीचा कोप नाही, बाईचं पाप नाही. आईबाप दोघांत अर्धा अर्धा दोष असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. एवढंच.

ह्याच्यावरचं औषध हायड्रॉक्सीयुरिया. जर्मनीत बनलं 1869 साली. अमेरिकेनं सिकलसेलसाठी त्याला परवानगी दिली 1998 साली. एकशे एकोणतीस वर्षं! मध्ये ते रक्ताच्या कॅन्सरवर वापरत होते, म्हणजे हाताशी होतं. पण हा आजार तिकडं काळ्यांचा, इकडं आदिवासींचा आणि आपला. घाई कुणाला असणार?

माझा भाचा चार वर्षांचा आहे. बारा किलो वजन. डॉक्टर म्हणतात, दिवसाला दीडशे-दोनशे मिलिग्रॅम. कॅप्सूल मिळते पाचशेची. माझी बहीण कॅप्सूल फोडते, पाण्यात घालते आणि अंदाजानं चमच्यानं देते. ही पावडर उघडी हाताळू नये, ती पेशींची वाढ रोखणारी आहे, हे तिला खूप उशिरा कुणीतरी सांगितलं. एका दिवशी जास्त जातं, एका दिवशी कमी. पोराच्या रक्ताशी आम्ही रोज जुगार खेळतो.

आणि इथंच मला ती गोष्ट कळली जी शाळेनं सांगितली नाही. औषध म्हणजे नुसता रेणू नाही. रेणू बनवणं ही औषधी रसायनाची अर्धी गोष्ट. तो लहान पोराच्या पोटात नेमका जाईल, कडू लागणार नाही, बाटलीत सडणार नाही, असं त्याला रूप देणं हे तंत्रज्ञान. हायड्रॉक्सीयुरिया पाण्यात आणि उन्हाळ्यात हळूहळू मोडतं. बाहेरदेशी पातळ औषध होतं, पण ते फ्रीजमध्ये ठेवावं लागे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फ्रीज कुठला? 2024 साली आपल्याच देशातल्या एका कंपनीनं फ्रीजशिवाय टिकणारं पातळ औषध काढलं. माझ्या भाच्यापर्यंत ते अजून आलं नाही. पण बघा, कुणीतरी पत्र्याची खोली डोळ्यांपुढं आणली तेव्हाच ते झालं.

परवा वस्तीतली एक पोरगी म्हणाली, "दादा, फार्मसी म्हणजे मेडिकलच्या दुकानात उभं राहायचं ना?" मी दहावी पास माणूस, मुंबईच्या गोदीत पिंपं उतरवतो. पिंपावर कवटी असते, नाव इंग्रजी असतं. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "पावडर हाय, उचल." मी तिला काय सांगणार? तरी सांगितलं, जेवढं तिच्याच पुस्तकांतून आणि डॉक्टरांना विचारून कळलं तेवढं.

दुकानासाठी दोन वर्षांची पदविका आहे. तीही वाईट नाही, पोट भरतं. पण बी.फार्म. चार वर्षांचं. त्यात औषध कसं बनतं, शरीरात काय करतं, गोळी कशी दाबतात, झाडपाल्यातून काय निघतं, सगळं येतं. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग अमरावती रोडवर आहे, आणि त्या परिसराला नाव महात्मा जोतिबा फुल्यांचं आहे. नाव आपलं, वर्गात आपण किती, ते जाऊन मोजा. पलीकडं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, 1942 ची, कामठीच्याच रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून उभी राहिली. आणि माटुंग्याला जुनं यूडीसीटी, 1933 चं, आता आयसीटी. तिथं औषधी रसायन आणि तंत्रज्ञान असाच बी.टेक.चा कोर्स आहे. गणित लागतं, घाबरू नका. डॉ. रेड्डीज् ही कंपनी 1984 साली काढणारे अंजी रेड्डी तिथंच शिकले, बाप हळदीचा शेतकरी. पण त्याच्या बापाला जमीन होती. आपल्या बापाला फावडं.

म्हणून पैशाचं बोलतो. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती 1944 पासून आहे, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ती भीक नाही. पण ती येते कधी? माझा एक दोस्त बी.फार्म.ला होता. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कॉलेजानं त्याला परीक्षेच्या तोंडावर वर्गाबाहेर उभं केलं. मोर्चा निघाला, पैसे सुटले, पण त्याचं एक वर्ष गेलं ते गेलं. आता तो एका कारखान्यात गोळ्यांची तपासणी करतो. खराब घाणी नापास करतो, मालक ओरडला तरी. मला त्याचा हेवा वाटतो, कवितेपेक्षा जास्त.

आपल्या रक्तावर लेख पुष्कळ झाले. आपण नमुना म्हणून प्रयोगशाळेत गेलो, सुई टोचून घ्यायला. पांढरा कोट घालून किती गेलो? पोरीहो, तुम्हाला सांगतो, बारावीला रसायन सोडू नका. कुणी म्हणेल आर्ट्‌स घे, सोपं आहे. त्याला विचारा, कुणासाठी सोपं?

सीईटीचा फॉर्म भरायचाय आणि मोबाईलवर जमत नाही, किंवा जात पडताळणी अडकलीय, त्यांनी कागद घेऊन मंडपाच्या मागं या. दोस्त आलाय, तो बघेल. मी संध्याकाळपर्यंत आहे. रात्रीच्या गाडीनं जायचंय, परवा माझी पहिली पाळी.