शीतप्रदेशातील द्राक्षविद्या आणि बागाईतदाराची वही



थंड मुलखात वाइनची द्राक्षे व्यापारासाठी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास आपली विद्या कोठून प्राप्त होते, हा आजचा विषय. द्राक्षवेलीचा प्राचीन इतिहास, एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील बागांची केलेली धूळधाण आणि तीतून निघालेली अमेरिकी खुंटावर कलम बांधण्याची युक्ती, या गोष्टी ज्यांच्या बागेत डॉगरीज या अमेरिकी खुंटावर वेली उभ्या आहेत त्यांना मी सांगाव्यात असे नाही. म्हणून मी थेट न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, फिंगर लेक्स या सरोवरांच्या प्रदेशात जातो. जाण्यापूर्वी माझे एक मत सांगून टाकतो, कारण आज संध्याकाळी मी कोणत्याही वाटेने निघालो तरी तेथेच पोहोचणार आहे. आपल्याच शिवारात, त्या त्या वर्षी, सर्वांच्या बागांतून गोळा झालेली आणि सर्वांना उघडी असलेली नोंदवही हेच बागाईतदाराचे पाठ्यपुस्तक होय. बाकीचे ग्रंथ ही तिच्यावरची भाष्ये.

हिमनद्यांनी कोरून काढलेली ही अकरा लांबट, अरुंद सरोवरे. त्यांतील सेनेका सुमारे १८८ मीटर खोल असून ते क्वचितच गोठते. उन्हाळ्यात साठविलेली ऊब ते हिवाळाभर काठच्या उतारांना परत करीत राहते, आणि वसंतात त्याच्याच गारव्याने वेलींचे डोळे उशिरा फुटतात, म्हणून उशिराच्या गोठवणाऱ्या रात्रींतून पुष्कळ वेली वाचतात. या सरोवराच्या उत्तर टोकास जिनीव्हा हे गाव, आणि तेथे १८८० च्या कायद्याने स्थापन होऊन १८८२ पासून चालू झालेले राज्याचे कृषिप्रयोग केंद्र, जे १९२३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आले. १८८७ च्या हॅच कायद्याने मध्यवर्ती सरकारने अशा केंद्रांस खजिन्यातून रक्कम देण्याची तजवीज केली, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने केंद्रातील ज्ञान बांधापर्यंत नेणाऱ्या विस्तारसेवकाच्या नेमणुकीची सोय झाली. पुढे १९७६ मध्ये राज्याने छोट्या बागाईतदारास आपली वाइन स्वतः विकण्याची सवलत दिली, तेव्हा तोवर कारखान्यास द्राक्षे घालणारा शेतकरी वाइन करणारा आणि विकणाराही झाला, आणि त्याची ज्ञानाची गरज कैक पटींनी वाढली.

ग्रंथांची उणीव कधीच नव्हती. कॅलिफोर्नियातील ॲमेरीन आणि विंकलर या संशोधकांनी १९४४ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील दहा अंश सेल्सिअसवरील उष्णतेची बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले, आणि ही पद्धत जगभरच्या अभ्यासक्रमांत शिरली. काम मोलाचे आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु ज्या मुलखात वेलीचे मरण जानेवारीत ओढवते, तेथे केवळ उन्हाळ्याची बेरीज मांडणे म्हणजे जमेचे पान लिहून खर्चाचे पान कोरे ठेवण्यासारखे आहे. युरोपीय जातींचे डोळे भर हिवाळ्यात शून्याखाली वीस-तेवीस अंशांच्या सुमारास मरू लागतात. जात, जागा आणि आधीच्या आठवड्यांतील हवामान यांप्रमाणे हा आकडा खालीवर होतो. टोनी वुल्फ यांनी संपादिलेला, पूर्व उत्तर अमेरिकेच्या बागाईतदारांसाठी २००८ मध्ये निघालेला मार्गदर्शक ग्रंथ मला अधिक आदरणीय वाटतो, तो यासाठी की थंडीपासून बचाव करायचा तर जागा कोणती निवडावी हा प्रश्न त्याने गंभीरपणे घेतला आहे.

आता पाहू, हिवाळ्याचा पाठ प्रत्यक्ष कसा गिरवतात ते. कडाक्याची रात्र गेली की बागेतून काड्या कापून आणायच्या आणि एक-दोन दिवस घरातील उबेत ठेवायच्या, म्हणजे मेलेला भाग काळवंडून स्पष्ट होतो. मग दाढीच्या पात्याने डोळ्याचा माथा आडवा, पातळ कापायचा. आत तीन अंकुर दिसतात, मधला मोठा प्राथमिक आणि बाजूंचे दोन लहान. जिवंत असेल तो पोपटी, मेलेला तपकिरी. घड बहुतांशी मधल्यातच असतो, आणि दुर्दैव असे की थंडीने आधी मरतो तोही मधलाच. मी हे काम फिंगर लेक्समधील एका शेडमध्ये पाहिले आहे. बाहेर बर्फ, आत लाकडी मेजावर काड्यांच्या जुड्या, प्रत्येक जुडीला जातीची आणि ओळीची चिठ्ठी. कापणाऱ्या बाईंनी पाते अंगठ्यावर येऊन थांबते म्हणून अंगठ्याला जाड चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा त्या सांगतील तशी वहीत जिवंत-मृतांची रेघ ओढीत असलेला. शंभर डोळ्यांमागे किती मेले हे कळले की त्या मानाने छाटणीत जादा डोळे राखतात. आपण ऑक्टोबर छाटणीपूर्वी काडी तपासून घेतो, ते याच डोळ्याचे वाचन आहे. आपण घड कितव्या डोळ्यात आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, ते डोळा जगला की नाही ते पाहतात.

(मागून आवाज: "नमुन्याची बाटली आणली आहे का?" हशा.)

बाटली आणलेली नाही. पाते आणि काडी आणली आहे, ज्यांना पाहायचे असेल त्यांनी नंतर मेजाजवळ यावे. दोन चिठ्ठ्या माझ्या हाती आल्या आहेत. एकीत मद्यप्रसाराचा आक्षेप आहे. मी पिकविणाऱ्याच्या विद्येविषयी बोलत आहे, आणि ती विद्या खाण्याच्या द्राक्षालाही तितकीच लागते. दुसरीत विचारले आहे की आमच्याकडे वेल झोपत नाही, बर्फ पडत नाही, मग हा खटाटोप कशाला? ज्या निफाड तालुक्यात पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो, जेथे त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि पहाटे पाणी सोडावे लागते, त्या तालुक्याच्या शेजारी बसून हा प्रश्न विचारला जावा याचे मला वाईट वाटते.

नोंद न झालेल्या विद्येचे काय होते हे दाखविण्यासाठी येथे मला कॉन्स्टंटिन फ्रँक यांच्याविषयी सांगितले पाहिजे. ओडेसाच्या परिसरातील हे गृहस्थ, गोठणाऱ्या मुलखात द्राक्षवेल कशी राखावी या विषयातच त्यांनी पदवी मिळविलेली. युद्धाने देशोधडीला लागून १९५१ मध्ये ते अमेरिकेत आले. इंग्रजी येत नव्हते, वय पन्नाशीचे. जिनीव्हाच्या केंद्रात काम मिळाले ते खुरपणीचे. युरोपीय वेल या थंडीत जगू शकते, असे ते सांगत. तज्ज्ञ ते मानीत नसत. तज्ज्ञांची बाजूही निराधार नव्हती, कारण सतराव्या शतकापासून पूर्व किनाऱ्यावर युरोपीय वेली लावल्या जात होत्या आणि मरत होत्या, आणि शेतकऱ्याला बुडविणारा सल्ला देण्यापेक्षा देशी आणि संकरित वाणांचा सावध सल्ला देणे हे जबाबदारीचेच लक्षण होते. १९५३ मध्ये गोल्ड सील या वाइन कारखान्याचे प्रमुख शार्ल फूर्निये यांनी फ्रँक यांना आपल्याकडे घेतले. फूर्निये स्वतः शॅम्पेन प्रांतातले. थंड मुलूख म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नाही. लवकर पक्व होऊन काडीचे लाकूड वेळेत कठीण करणारे खुंट शोधीत हे दोघे हिंडले, पार क्युबेकमधील एका मठाच्या बागेपर्यंत गेले, आणि हजारो कलमे करून पाहिली. १९५७ च्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा त्यांच्या रीसलिंग आणि शार्दने या युरोपीय जातींच्या वेली तगल्या. १९६२ मध्ये फ्रँक यांनी फिंगर लेक्सपैकीच क्युका सरोवराच्या काठी स्वतःचा कारखाना काढला आणि १९८५ मध्ये ते वारले. आज त्या काठांवर रीसलिंगच्या बागा आहेत, त्यांचे मूळ या खुरपणी करणाऱ्या माणसात आहे. माझे म्हणणे इतकेच की त्यांना जे ठाऊक होते ते त्या गावातील कोणत्याच दप्तरात नव्हते. एका माणसाच्या डोक्यात होते, आणि कारखान्याचा एक प्रमुख भेटला नसता तर ते तेथेच राहिले असते.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखविले.)

वेळ थोडा उरला आहे. जर्मनीतील गाइझेनहाइमची १८७२ ची द्राक्षविद्येची संस्था आणि मिनेसोटातील कडाक्याच्या थंडीत तगणारे संकरित वाण यांवर टिपणे आणली होती, ती राहू द्या. नेल्सन शॉलिस यांच्याविषयी मात्र एक वाक्य बोलतो: वेलीच्या आतील सावलीने डोळ्यांतील घड कमी होतात हे त्यांनी जिनीव्हात मोजून दाखविले आणि पर्णभार दोन पडद्यांत विभागणारी मांडव-रचना दिली; खरड छाटणीनंतर काडीला ऊन मिळालेच पाहिजे, हे आपण रोज म्हणतो त्याचे हे शास्त्र आहे.

आता मूळ मुद्दा. फिंगर लेक्समधील विस्तारसेवा हिवाळाभर निरनिराळ्या जातींचे डोळे किती थंडी सोसतील याचे मोजमाप प्रसिद्ध करते, आणि शरद ऋतूत पक्वता सुरू झाल्यापासून काढणीपर्यंत दर आठवड्यास बागाबागांतील मण्यांची साखर आणि आम्लता छापते. २००४ च्या जानेवारीतील थंडी किंवा १८ मे २०२३ च्या पहाटे कोवळे कोंब गोठविणारी रात्र, अशा आपत्तीनंतर आपल्या बागेची शेजारच्या उतारांशी तुलना करायला बागाईतदाराजवळ आधीच्या वर्षांचे आकडे असतात. आपल्याकडेही मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागाईतदार संघ आहे, त्याचे 'द्राक्षवृत्त' हे नियतकालिक आहे. तरीही दर वर्षी ऑक्टोबरपूर्वी या जिल्ह्यात जी काडी तपासणी होते, तिचा निकाल ज्याच्या त्याच्या खिशात जातो आणि छाटणी झाली की फेकला जातो. ते आकडे गावाच्या एका वहीत उतरले असते, तर कोणत्या जमिनीत, कोणत्या पावसाळ्यानंतर घड कितव्या डोळ्यावर सरकतो, हे आज आपण निश्चितपणे सांगू शकलो असतो.

(श्रोत्यांतून: "आकडे उघडे केले की व्यापारी भाव पाडेल.")

ही भीती रास्त आहे, आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. वहीत शेतकऱ्याचे नाव वा गट नंबर नसावा. गाव, जात, खुंट, छाटणीची तारीख आणि डोळ्यांचा हिशेब, एवढेच असावे. उत्पन्नाचा अंदाज मांडण्याची तिला गरज नाही.

शेवटची चिठ्ठी: या कामाचा खर्च कोणी करायचा? फिंगर लेक्समध्ये विस्तारसेवकाचा भार विद्यापीठ आणि तेथील जिल्हे वाहतात, आणि बागाईतदार वार्षिक वर्गणी भरून सभासद होतात; औषधाच्या विक्रीशी त्याच्या पगाराचा संबंध नसतो, म्हणून फवारणी करू नका असे सांगण्याची त्याला मोकळीक असते. आपल्याकडे आरंभ याहून स्वस्तात होईल. तपासणी तर आपण करतोच आणि तिचे पैसेही भरतो. उरते ते एका वहीचे आणि ती लिहिणाऱ्या एका तरुणाच्या मानधनाचे. येत्या सप्टेंबरपूर्वी प्रत्येक सोसायटीने एक माणूस नेमावा, अशी माझी विनंती आहे. कोष्टकाचा नमुना मी अध्यक्षांच्या हवाली करीत आहे.