पाठीचा कणा मोडल्यावर : दवाखाना, कोर्ट आणि जमीन

(तालुका शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आपल्या एका साथीने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे नीट करून छापले आहे. ज्या पाड्यावर वाचणारा एकच असेल, त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावे.)



काल दिवसभर आपण जमिनीवर बोललो. नेवाडाची चौकशी, सात-बारा, वनखात्याच्या केसेस. आज दवाखान्याचा विषय आला म्हणून काहींना वाटेल, हा दुसराच विषय आहे. तो दुसरा नाही. घरातला कमावता माणूस खाटेवर पडला की आधी शेळ्या जातात, मग बैल जातात, मग जमीन जाते. सावकाराने जमीन घ्यायची तर त्याला मारामारी करावी लागत नाही. तो फक्त घरात दुखणं यायची वाट बघतो. म्हणून हा जमिनीचाच विषय आहे.

माझं तुम्हाला दिसतंच आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये विहिरीच्या कामावर मी पडलो. सुरुंग लावून खडक फोडायचं काम चाललं होतं. यारीच्या दोराने खाली उतरत होतो, दोर तुटला आणि वीस फुटांवरून खडकावर पाठीवर आदळलो. पाठीचा शेवटचा मणका, जिथं पाठ संपून कंबर सुरू होते, तो फुटला. तेव्हापासून कमरेखालचं अंग मला कळत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही, निखारा ठेवला तरी कळत नाही.

पहिली गोष्ट, उचलण्याची. मला चौघांनी हातपाय धरून उचललं, घोंगडीच्या झोळीत घातलं आणि जीपमध्ये दुमडून बसवलं. त्यांनी जीव तोडून मदत केली, त्यांचे उपकार आहेत. पण पडताना किती नुकसान झालं आणि उचलताना किती, हे आता कोणी सांगू शकत नाही. पाठीच्या कण्यातून एक दोरी जाते, डोक्याचा निरोप पायाला पोचवणारी. मणका फुटला तरी दोरी कधी कधी अर्धी शाबूत असते. माणूस दुमडला की फुटलेलं हाड तिला कापतं. म्हणून कोणी झाडावरून, विहिरीत, ट्रकवरून पडला आणि म्हणाला की पाय हलत नाहीत, तर त्याला बसवायचं नाही, पाणी पाजायला मान उचलायची नाही. दाराची फळी काढा. चौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत, लाकडाचा ओंडका वळवतो तसं वळवून फळीवर घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं कापड लावा, फळीला बांधा आणि मग न्या. झोळी नको.

दुसरी गोष्ट, दवाखान्यातला कागद. माझ्याबरोबर मुकादम आला होता. डॉक्टरांनी विचारलं, कसा पडला? मुकादम म्हणाला, घरी आंब्याच्या झाडावरून पडला. मी शुद्धीवर होतो, म्हणून बोललो, साहेब, विहिरीच्या कामावर पडलो. डॉक्टरांनी ते लिहिलं. ती एक ओळ पुढे कोर्टात माझ्या कामाला आली. बेशुद्ध असतो तर मी आजही आंब्यावरूनच पडलेला असतो. तेव्हा कामावरच्या जखमी माणसाबरोबर एकट्या मुकादमाला पाठवू नका, आपला माणूस पाठवा. केसपेपरवर ‘कामावर अपघात’ आणि ठेकेदाराचं नाव लिहून घ्या. पोलिसांत जबाब द्या. पंचनाम्यात तुटलेला दोर येऊ द्या.

तिसरी गोष्ट, ठेकेदाराचा कागद. बाराव्या दिवशी ठेकेदार आठ हजार रुपये घेऊन दवाखान्यात आला. बरोबर कागद. ‘माझी काही तक्रार नाही, मिळाले ते भरून पावलो.’ माझी बायको म्हणाली, अंगठा दिला नाही तर हेही जातील. खोटं नव्हतं, घरात दाणा नव्हता. पण त्याच दिवशी संघटनेची ताई आली आणि तिने कायदा सांगितला. तो नीट ऐका.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा होता. इंग्रजांच्या वेळचा. त्यात म्हटलं होतं की कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. सुरुंग लावून खोदकाम चालतं ते काम या कायद्यात येत होतं. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं. तो आकडा कायद्याच्या तक्त्यात आहे. माझं वय ३० होतं, त्याचा आकडा २०७.९८. मजुरी दिवसाला ४० रुपये, महिन्याला हजार धरली. हजाराचे ६० टक्के म्हणजे ६००. सहाशे गुणिले २०७.९८, झाले १,२४,७८८ रुपये. आणि तेव्हा हिशेब कितीही कमी निघाला तरी ६०,००० च्या खाली जाता येत नव्हतं. आता त्या आठ हजारांकडे बघा.

ताईने दुसरं सांगितलं. हक्क सोडून दिल्याचा अंगठा या कायद्यापुढे टिकत नाही, तो करार रद्दच समजला जातो. तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम फार कमी असेल तर ते नोंदायला नकार देऊ शकतात. आयुक्त म्हणजे या कायद्याखालचे न्यायाधीशच. तरी अंगठा देऊ नका. रद्द करायलाही चकरा लागतात.

त्या कायद्यात अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा होता. वकील नसला तरी नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकतो. वकील हवा असेल तर फी लागू नये अशी सोय आहे. विधी सेवा कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अपंगालाही मिळतो, बाईलाही मिळतो. जातीचा दाखला जोडून अर्ज द्यायचा. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

कोर्टात ठेकेदाराने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा माझा मजूर नाही, मुकादमाचा आहे. कायदा म्हणतो, आपल्या धंद्यातलं काम मुकादमामार्फत करून घेतलं तरी भरपाई मुख्य ठेकेदाराकडून मागता येते. त्याने नंतर मुकादमाकडून वसूल करावी, ते त्यांचं ते बघतील. दुसरी, हा दारू प्यायला होता. मी प्यायलेलो नव्हतो. पण समजा प्यायला असता, तरी १९९५ च्या दुरुस्तीनंतर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे कारण सांगून मालकाला सुटता येत नाही. आपल्या माणसावर हा आरोप नेहमी होतो, म्हणून हे पाठ करून ठेवा. तिसरी, याचे हात धड आहेत, बसून काम करील, मग पूर्ण निकामी कसा? त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालात आहे. एका सुताराचा डावा हात गेला होता. मालक म्हणाला, एकच हात गेला. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा तो पूर्ण निकामी. अपघाताच्या वेळी जे काम करत होता ते आता होतं का, हे बघायचं. मी विहीर खोदत होतो. पायाशिवाय विहीर खोदून दाखवा म्हणावं.

निकाल वीस महिन्यांनी लागला. १,२४,७८८ रुपये आणि वर १२ टक्के व्याज. ठेकेदाराला वरच्या कोर्टात जायचं होतं, पण त्यासाठी आधी सगळी रक्कम भरावी लागते. मग तो गेला नाही.

हे एवढ्यासाठी सांगतो की ही केस कायद्याने जिंकली असं समजू नका. हजेरीच्या वहीत माझं नावच नव्हतं. दोन मजूर साक्षीला उभे राहिले. दोघांच्याही अंगावर मुकादमाची उचल होती. मुकादम म्हणाला, पुढच्या वर्षी काम देणार नाही आणि उचल आजच्या आज टाका. तरी त्यांनी सांगितलं की हा आमच्याबरोबर दोराला होता, मजुरी ४० रुपये होती. ते दोघे नसते तर १९२३ चा कायदा कपाटातच राहिला असता.

जो कोणाच्या कामावर नव्हता, मोहाच्या झाडावरून पडला, त्याला हा कायदा लागत नाही. हे स्पष्ट सांगतो, खोटी आशा नको. गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. तिथं तेव्हा कायमच्या अपंगत्वाला चूक सिद्ध न करता २५,००० रुपये आधी मागता येत होते. कामावर जाताना ट्रक उलटला तर दोन्ही कायद्यांतला एकच रस्ता धरावा लागतो, म्हणून विचारून ठरवा.

आता शरीराचं. बायांनो, हे तुम्ही जास्त ऐका, आणि पुरुषांनो, तुम्ही त्याहून जास्त, कारण करायचं सगळं बायांवर पडतं.

पूर्वी असा माणूस थोड्याच दिवसांत मरायचा, आणि तो मणक्याने मरत नव्हता. पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या विषाने मरायचा. १९४४ साली, लढाई चालू असताना, इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल इथं डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी शिपायांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायला सुरुवात केली. लघवीची स्वच्छता राखली. माणसं जगायला लागली. त्याला मोठं यंत्र लागत नाही, जागणारं माणूस लागतं. आमच्या पाड्यावर पाळी लावली. माझा भाऊ, मेहुणा, शेजारचे दोघे. बायकोला रात्री झोपू दिलं, म्हणून ती दिवसा मजुरीला जाऊ शकली.

रोज सकाळी माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला आणि दाबून जात नसेल तर त्या जागेवर भार द्यायचा नाही, डाग जाईपर्यंत. बसलेलो असलो की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं. आता बोलता बोलताही मी तेच करतो आहे, बघा. पाणी भरपूर प्यायचं. लघवीची नळी दर चार ते सहा तासांनी, हात साबणाने धुऊन. थंडी-ताप आला, लघवी गढूळ झाली तर थांबायचं नाही, दवाखान्यात जायचं. आणि थंडीत शेकोटीजवळ पाय ठेवायचे नाहीत. अंगाला कळत नाही आणि कातडी जळते.

बरं होण्याचंही खरं सांगतो. दोरी अर्धी शाबूत असेल तर पहिल्या काही महिन्यांत थोडं परत येतं. पूर्ण तुटली असेल तर ती जुळवणारं औषध आज कोणाकडे नाही. भगताकडे जा, मी अडवत नाही, मीही गेलो. पण कोणी म्हणालं की वीस हजारांच्या इंजेक्शनाने उभा करतो, तर बैल विकू नका. ते पैसे गादी, चाकाची खुर्ची आणि घराच्या उताराला लावा.

पाय येत नाहीत म्हणजे जगणं थांबत नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या. आपण डॉक्टर नाही. पण मी आज संघटनेची दाव्यांची वही सांभाळतो, सात-बारा वाचून देतो, अर्ज लिहितो. पूर्वी मला सही करायला येत होती तेवढंच. डोंगरात खुर्ची चालत नाही, म्हणून पोरांनी लाकडाची चार चाकांची गाडी केली. दोन बांबू आडवे बांधून त्यावर मी हात कमावले.

सिव्हिल हॉस्पिटलातून अपंगाचा दाखला घ्या. ४० टक्के किंवा जास्त लागतं. १९९५ च्या अपंगांच्या कायद्याने गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनांत किमान ३ टक्के वाटा अपंगांचा होता. ग्रामसभेत विचारा, आमच्या गावाचा वाटा कुठे गेला? तहसीलदाराकडे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या.

आणि शेवटी जमीन. मी पडल्यावर एक जण आला. म्हणाला, तुझ्याने आता नांगर होत नाही, दहा वर्षं मला करायला दे, औषधाचा खर्च मी बघतो. साथींनो, जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकताच नाही तर गहाण किंवा भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय देता येत नाही. दुखण्याला सूट नाही. माझी तीन एकर गेली नाही, कारण दोन पावसाळे पाड्याने ती पेरून दिली. बैल शेजाऱ्याचे, बी माझं, निंदणी सगळ्यांची. लाहा करतो तशीच.

आता आजचं काम. या शिबिरात एक बाप बसला आहे. त्याचा पोरगा बावीस वर्षांचा आहे, ठेकेदाराच्या विहिरीवर दहा दिवसांपूर्वी पडला, पाय हलत नाहीत. ठेकेदाराने पाच हजार देऊ केले आहेत आणि परवा कागद घेऊन येणार आहे. दादा, तुम्ही काल मला विचारलंत, घेऊ का. मी म्हणतो, औषधाला देत असेल तर पैसे घ्या, पावती द्या, पण ‘भरून पावलो’ वर अंगठा देऊ नका. परवा तुम्ही एकटे बसायचं नाही. मी गाडीवरून येतो. आणि त्या विहिरीवर दोराला जे होते त्यांच्यापैकी तिघे इथं आहेत, मला माहीत आहे. तुमच्यावर उचल आहे हेही माहीत आहे. उचलीचं काय करायचं ते जेवणाआधी संघटना ठरवेल, वर्गणी काढायची तर काढू. पण साक्ष तुम्हीच द्यायची आहे, ती दुसरं कोणी देऊ शकत नाही.

रात्रीच्या पाळीला त्या पाड्यावर कोण जाणार, त्यांनी आत्ता हात वर करा. नावं मी लिहून घेतो.

जिंदाबाद.