जुन्या एएसपी वेबसाईटचे दोष : वाट आणि जोडणी

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. वाचनपाठ, पटनोंदणी, हस्ताक्षर हे आपले नित्याचे विषय बाजूस ठेवून जुन्या वेबसाईटच्या दोषांवर बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे की, आपल्यापैकी काहींच्या शाळांत व केंद्रांत पंधरावीस वर्षांपूर्वी एखाद्या हौशी शिक्षकाने स्वतः तयार केलेली छोटी वेबसाईट अद्याप वापरात आहे. दाखलखारीज रजिस्टरातील नावे, जन्मतारखा, दाखल्यांचे क्रमांक तीत साठविलेले आहेत. जुना संगणक मोडला, नवा आला, सर्व फोल्डर जसेच्या तसे नव्यावर उतरविले, आणि वेबसाईट उघडेनाशी झाली. मग दाखल्यासाठी दहा मैलांवरून आलेल्या पालकास रिकाम्या हाताने परत जावे लागते. एक-दोन ठिकाणी तर सर्व नावे पुन्हा टंकित करण्याचे कामही सुरू झाले होते.

एवढा खटाटोप बहुधा अनावश्यक असतो. अशा प्रसंगी माहिती सुरक्षित असते. तिच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी चुकलेली असते, किंवा जोडणी तुटलेली असते. हे दोन दोष कसे ओळखावेत व कसे दूर करावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पूर्वपीठिका

एएसपी म्हणजे ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही पद्धत १९९६ च्या अखेरीस आपल्या आयआयएस या सर्व्हरबरोबर प्रचारात आणली. २००२ साली एएसपी डॉट नेट ही निराळी पद्धत आली, तेव्हापासून पहिलीस ‘क्लासिक एएसपी’ म्हणू लागले. या पद्धतीत पानावरील आज्ञा बहुधा व्हीबीस्क्रिप्ट भाषेत असतात. त्या सर्व्हरवर पार पडतात आणि त्यातून तयार झालेले पान तेवढे वाचणाऱ्याच्या ब्राउझरकडे जाते. यास्तव एएसपी फाइलवर दोनदा क्लिक करून ती चालत नाही; तिला सर्व्हरच्या पत्त्यानेच हाक मारावी लागते.

व्हिस्टा व सर्व्हर २००८ पासूनच्या विंडोजमध्ये एएसपी हा भाग आपोआप बसविलेला नसतो. नियंत्रण कक्षातील विंडोज फीचर्सच्या यादीत, आयआयएसच्या पोटात, तो शोधून निवडावा लागतो. नव्या संगणकावर एकही एएसपी पान उघडत नसेल, तर प्रथम हे पाहावे.

आरंभीची तयारी

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी डेटाबेसच्या फाइलची प्रत करून ती निराळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. ही फाइल बहुधा ॲक्सेसची, म्हणजे शेवटी ‘एमडीबी’ अक्षरे असलेली असते. तिच्या शेजारी त्याच नावाची ‘एलडीबी’ फाइल दिसत असेल, तर कोणीतरी डेटाबेस उघडलेला आहे असे समजावे व तो बंद झाल्यावरच प्रत करावी.

दुसरी तयारी म्हणजे दोषाचा संदेश वाचता येईल अशी व्यवस्था करणे. आयआयएसच्या सातव्या आवृत्तीपासून खरा संदेश पाहणाऱ्यास दाखविला जात नाही. ‘सर्व्हरवर काही दोष झाला, व्यवस्थापकास कळवा’ अशा अर्थाचे एक मोघम वाक्य तेवढे दिसते. आयआयएसच्या एएसपी विभागात ‘सेंड एरर्स टू ब्राउझर’ हा पर्याय आहे. दुरुस्तीपुरता तो चालू करावा व काम संपताच बंद करावा. तसेच पानात ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ अशी ओळ असल्यास ती तात्पुरती काढावी. त्या ओळीमुळे सर्व्हर प्रत्येक चूक पोटात घालून पुढे चालतो. सगळी उत्तरे न तपासता बरोबर ठरविणाऱ्या परीक्षकासारखाच तो प्रकार होय.

वाटेचे तीन प्रकार

आता वाटेकडे वळू. गावातील एखादे घर आपण तीन रीतींनी सांगतो. ‘गट नंबर अमुक’ ही एक रीत. ‘वेशीपासून सरळ, मग डावीकडे’ ही दुसरी. ‘येथून तिसरे घर’ ही तिसरी. वेबसाईटमध्येही नेमक्या याच तीन रीती आहेत. ‘सी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल’ अशी संपूर्ण वाट म्हणजे गट नंबर. तिरप्या रेघेने सुरू होणारी वाट वेबसाईटच्या मुळापासून, म्हणजे वेशीपासून मोजली जाते. नुसत्या फोल्डरच्या नावाने सुरू होणारी वाट चालू पानाच्या जागेपासून, म्हणजे ‘येथून’ मोजली जाते.

दुसऱ्या व तिसऱ्या रीतीची वाट पहिल्या रीतीत बदलून देण्याचे काम ‘सर्व्हर डॉट मॅपपाथ’ ही आज्ञा करते. तिच्याविषयी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली अशी की, त्या जागी फाइल आहे की नाही हे ती पाहत नाही. ती फक्त पत्ता लिहून देते. पाकिटावर पत्ता सुवाच्य आहे, एवढ्यावरून त्या ठिकाणी घर आहे असे सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. एका शाळेच्या वेबसाईटचे मुखपान नीट उघडे व नावांची यादीही दिसे. परंतु ‘प्रवेश’ फोल्डरातील पानावर गेले की ‘कुड नॉट फाइंड फाइल’ असा संदेश येई. जोडणीच्या ओळी एका स्वतंत्र फाइलमध्ये होत्या व ती फाइल ‘इन्क्लूड’ करून दोन्ही पानांत घेतलेली होती. तिच्यातील मॅपपाथमध्ये डेटाबेसची वाट ‘येथून’ अशा रीतीने दिलेली होती. आता हे ‘येथून’ म्हणजे कोठून? इन्क्लूड केलेल्या फाइलच्या जागेपासून नव्हे, तर ज्या पानाने तिला बोलाविले त्या पानाच्या जागेपासून. मुखपानावरून ती वाट बरोबर पडली. ‘प्रवेश’ फोल्डरातून तीच वाट ‘प्रवेश’च्या पोटात डेटाबेस शोधू लागली. एकच चिठ्ठी दोन निराळ्या चौकांत वाचली, तर दोन निराळी घरे सापडावयाचीच. वाटेच्या आरंभी तिरपी रेघ घालून ती वेशीपासून मोजली, तेव्हा दोन्ही पाने चालू झाली.

इन्क्लूडची स्वतःची वाट मात्र निराळ्या नियमाने चालते. ‘इन्क्लूड फाइल’ ही जिच्यात ती ओळ आहे त्या फाइलच्या जागेपासून मोजतात व ‘इन्क्लूड व्हर्च्युअल’ ही वेशीपासून. शिवाय इन्क्लूडचे काम पानावरील आज्ञा सुरू होण्यापूर्वीच उरकते. म्हणून ‘अमुक असेल तर ही फाइल घ्या’ अशी अट तेथे लागू पडत नाही.

आणखी एक अडचण. वरच्या फोल्डरकडे जाण्यासाठी पुष्कळ जुन्या पानांत दोन टिंबे वापरलेली आढळतात. सुरक्षिततेच्या कारणाने आयआयएसच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून, ही सोय मुळात बंद असते. इन्क्लूडमध्ये अशी टिंबे असल्यास ‘एएसपी ०१३१’ व मॅपपाथमध्ये असल्यास ‘एएसपी ०१७५’ हा क्रमांक दिसतो. ‘एनेबल पेरेंट पाथ्स’ हा पर्याय चालू करून काम भागते खरे; परंतु टिंबे काढून वाट वेशीपासून लिहिणे हाच चांगला उपाय होय.

वेस कोठे आहे, हेही तपासावे. जुन्या संगणकावर वेबसाईट थेट मुळाशी असेल आणि नव्यावर ती ‘शाळा’ नावाच्या पोटफोल्डरात ठेवली असेल, तर तिरप्या रेघेने सुरू होणारी प्रत्येक वाट ‘शाळा’ हे नाव वगळून भलतीकडे जाईल. संशय आल्यास एक चाचणीपान करावे. त्यात ‘रिस्पॉन्स डॉट राईट’ने मॅपपाथचे उत्तर पानावर छापावे, आणि तो पत्ता हातात घेऊन फाइल खरोखर तेथे आहे का हे डोळ्यांनी पाहावे. काम होताच ते चाचणीपान काढून टाकावे.

जोडणीचे दोष

वाट बरोबर असूनही डेटाबेस उघडत नसेल, तर जोडणी तपासावी. येथे एक सूचना. ‘८०००४००५’ हा क्रमांक पाहून कोणतेही अनुमान काढू नये. ताप जसा अनेक रोगांत येतो, तसा हा क्रमांक अनेक दोषांत येतो. निदान क्रमांकावरून न करता त्याखालील वाक्यावरून करावे. नेहमी आढळणारी वाक्ये चार आहेत.

पहिले, ‘प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड’. ॲक्सेसची जुनी फाइल उघडणारा ‘जेट ४.०’ हा दुवा केवळ ३२ बिटांचा आहे आणि आजचे संगणक बहुधा ६४ बिटांचे असतात. आयआयएसमधील ॲप्लिकेशन पूलच्या प्रगत मांडणीत ‘एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स’ हा पर्याय चालू केला की हा दोष जातो. दुसरा मार्ग म्हणजे ‘एसीई’ हा नवा दुवा बसवून जोडणीच्या ओळीत त्याचे नाव घालणे; तो दुवा व पूल एकाच बिटांचे असले पाहिजेत.

दुसरे, ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’. काही शिक्षकांनी जोडणीसाठी डीएसएन हे टोपणनाव वापरलेले असते. हे नाव संगणकाच्या नोंदींत असते, वेबसाईटच्या फोल्डरात नसते. म्हणून फोल्डर उचलून नेल्याने ते बरोबर जात नाही. नव्या संगणकावर ते पुन्हा तयार करावे, तेही ३२ बिटांच्या ओडीबीसी यादीत की ६४ बिटांच्या, हे पूल पाहून ठरवावे. मात्र डीएसएन सोडून जोडणीच्या ओळीतच फाइलची वाट लिहिणे अधिक सोपे.

तिसरे, ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’. नावे दिसतात, पण नवे नाव चढत नाही, अशी याची खूण. येथे वाट व जोडणी दोन्ही बरोबर असून लिहिण्याची परवानगी नसते. परवानगी केवळ फाइलला देऊन भागत नाही, तर ती ज्या फोल्डरात आहे त्यालाही द्यावी लागते; कारण लिहिताना मघाशी सांगितलेली एलडीबी फाइल तेथेच तयार व्हावयाची असते. आयआयएसच्या सातव्या आवृत्तीपासून अनोळखी वाचकासाठी ‘आययूएसआर’ हे खाते सामान्यतः वापरले जाते. डेटाबेसच्या तेवढ्या एका फोल्डरावर त्या खात्यास ‘मॉडिफाय’ अधिकार द्यावा. घाईने ‘एव्हरीवन’ला संपूर्ण वेबसाईटवर पूर्ण अधिकार देणे म्हणजे कपाटाची किल्ली हरवली म्हणून शाळेची सर्व दारे सताड उघडी टाकणे होय.

चौथे, ‘फाइल ऑलरेडी इन यूज’. कोणी ॲक्सेसमध्ये तीच फाइल उघडून बसले आहे, किंवा पानांनी जोडणी उघडून ती बंद केलेली नाही, असा याचा अर्थ. प्रत्येक पानाच्या शेवटी रेकॉर्डसेट व जोडणी ‘क्लोज’ करून ‘नथिंग’ करावी. वर्ग सुटल्यावर खडू-फळा पुसून ठेवण्याची शिस्त आपण मुलांना लावतो; तीच येथे लावावयाची.

मुलांच्या माहितीची राखण

आता ज्या गोष्टीविषयी मला मनापासून काळजी वाटते, ती सांगतो. वेबसाईट बाहेरून दिसणारी असेल, तर ब्राउझरमध्ये डेटाबेस फाइलचा सरळ पत्ता लिहून पाहा. फाइल उतरू लागली, तर तुमच्या शाळेतील प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख व घरचा पत्ता कोणासही नेता येतो, हे निश्चित समजा. जुन्या सर्व्हरवर असे घडते. डेटाबेस वेबसाईटच्या फोल्डराबाहेर ठेवून त्याची संपूर्ण वाट जोडणीच्या एकाच फाइलमध्ये लिहावी. किंवा आयआयएसच्या सातव्या व पुढील आवृत्तींवर तो ‘ॲप अंडरस्कोर डेटा’ नावाच्या फोल्डरात ठेवावा, ज्याचे दार बाहेरच्यास सामान्यतः बंद असते. ठेवल्यानंतर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. पालकांनी ही माहिती शाळेच्या विश्वासावर दिली आहे. वेबसाईट चालू ठेवण्याइतकेच तो विश्वास राखणे हेही आपले कर्तव्य आहे.

पुढील विचार

ही पद्धत चिरकाल टिकणारी नाही. व्हीबीस्क्रिप्ट यापुढे विकसित होणार नसून कालांतराने विंडोजमधून काढली जाणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केले आहे. यास्तव दुरुस्ती झाली की तेवढ्यावर समाधान न मानता, ॲक्सेसमधील सर्व तक्ते साध्या सीएसव्ही फाइलींत उतरवून ठेवावेत. त्या कोणत्याही नव्या व्यवस्थेत घेता येतात. मराठी नावे नीट उतरली आहेत ना, हे दहावीस नावे मूळ रजिस्टराशी ताडून पाहावे.

शेवटी कार्यपद्धतीविषयी एक शब्द. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह वहीत लिहावा, आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. अंकगणितात मुलाचे उत्तर चुकले, तर आपण सारे गणित पुसावयास सांगत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते त्याच्याकडूनच शोधवून घेतो. तोच धीर व तीच शिस्त येथे उपयोगी पडते, आणि ती आपणापाशी आहेच. ती वही शाळेत ठेवा, म्हणजे आपली बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकास पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागणार नाही.