मसुद्याच्या टप्प्यावर डॉक्टर हवा

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त मिरजकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे रुग्णालय उभारले. तेव्हापासून बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण अशा चहूबाजूंनी रुग्ण मिरजेच्या स्टेशनावर उतरत आले आहेत. ‘मिरजेला नेऊया’ एवढे म्हटले तरी घरच्यांना धीर येतो. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या या गावात, तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या या गावात आपली पावले लागली, याचा आम्हाला आनंद आहे.

गावाचे चांगले तेवढे पाहुण्यांना दाखवावे, अशी रीत आहे. पण परिषदेचा विषय आरोग्यविषयक कायदे आणि डॉक्टरांची भूमिका हा आहे. त्यामुळे दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे. 2017 साली याच तालुक्यातल्या म्हैसाळ गावी ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या 851. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच, आणि तोही 1988 साली. त्यासाठी महिला संघटना आणि काही विवेकी डॉक्टर एकत्र लढले होते. त्या कायद्यातूनच पुढे 1994 चा केंद्रीय कायदा आला. तरीही 1991 मध्ये हजारी 946 असलेले राज्यातले हे प्रमाण 2011 मध्ये 894 वर आले. विधिमंडळाने कायदा केला, पण सोनोग्राफीच्या खोलीत तो पाळायचा कुणी? ते काम आपले होते. व्यवसायाने मनापासून न स्वीकारलेला कायदा कागदावरच राहतो, हे या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

आता दुसरे उदाहरण. गुटख्यावरची राज्याची जुनी बंदी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर टाटा रुग्णालयातल्या कर्करोगतज्ज्ञांनी नुसती निवेदने दिली नाहीत. डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबडा गमावलेले, आवाज गमावलेले रुग्णच मंत्र्यांसमोर आणि आमदारांसमोर उभे केले. रुग्णाचा चेहरा आणि डॉक्टरांकडची आकडेवारी एकत्र आली, तेव्हा सरकारला त्याकडे पाठ फिरवता आली नाही. जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आली. ही बंदी एका वर्षापुरतीच असते, त्यामुळे दरवर्षी नवी अधिसूचना काढावी लागते आणि चोरटी विक्रीही चालूच राहते. म्हणून पाठपुरावा एका विजयाने संपत नाही.

तिसरे उदाहरण राजस्थानचे. मार्च 2023 मध्ये तिथल्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. देशातला असा हा पहिलाच कायदा. आपत्कालीन उपचार आगाऊ पैशांवाचून मिळावेत, या तत्त्वाला कोणता डॉक्टर नाही म्हणेल? पण त्या खर्चाची भरपाई कशी आणि किती दिवसांत मिळेल, हे पुढच्या नियमांवर सोडले होते. म्हणून त्याच्या निषेधार्थ खासगी दवाखाने सुमारे दोन आठवडे बंद राहिले. अखेर 4 एप्रिलला सरकार आणि डॉक्टरांमध्ये समझोता झाला. त्या दिवसांत दारातून परत गेलेल्या रुग्णाचा दोष काय होता? डॉक्टरांची शंका खोटी नव्हती. मात्र ती मसुद्याच्या टप्प्यावर, अंदाजपत्रकाच्या हिशेबासह आणि रुग्णसंघटनांना सोबत घेऊन मांडायला हवी होती, आणि सरकारनेही ती ऐकायला हवी होती.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. म्हणजे आपल्या रुग्णाचे बरेचसे भवितव्य मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांत ठरते. तिथे आपण काय मागतो? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा 2010 चा कायदा आपण मागितला, तो हवाच होता आणि त्याची अंमलबजावणी अधिक कडक व्हायला हवी. पण 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत बदल होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, तेव्हा तेवढाच उत्साह आपल्यात दिसला का? महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याविरुद्ध, आवाज उठवला. 2017 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली, विधेयकाचा मसुदाही तयार झाला, पण तो कायदा झाला नाही. त्यासाठी आपल्यातले किती जण आमदारांच्या दारात गेले? फक्त स्वतःसाठी मागणाऱ्याचे समाज एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा ऐकत नाही. रुग्णासाठी मागणाऱ्या डॉक्टरचा शब्द मात्र वजनदार ठरतो.

या दोन दिवसांत परिषदेने तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. राजपत्रात मसुदा आला की हरकती आणि सूचनांच्या मुदतीत तो वाचून लेखी मत देणारा एक गट प्रत्येक जिल्ह्यात असावा. ओपीडीत आणि वॉर्डात दिसणारे वास्तव नोंदींच्या रूपात ठेवावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावांतल्या बाळांच्या मृत्यूंची नोंद ठेवली, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत घडवली, आणि 2011 मध्ये ती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. धोरण बदलण्याचे बळ अशा नोंदींत असते. आणि तिसरे म्हणजे, आपल्या प्रत्येक मागणीपत्रातली पहिली मागणी रुग्णाची असावी.

राहण्या-जेवण्याच्या व्यवस्थेत काही उणे वाटले, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आणि परिषदेहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या मतदारसंघातल्या आमदारांची वेळ घ्या. जाताना एक रुग्ण आणि एक पान आकडेवारी सोबत न्या.