नार्वा: नदीकाठचं एक गाव आणि आपला वर्ग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाला उभा राहिलो की अजूनही माझा हात खिशात जातो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "हात काढ बे" म्हणून ओरडेल असं वाटतं. आत्ता ओरडलातच. बरं वाटलं.

समितीनं मला सांगितलं, "तू परदेशात जाऊन आलास, प्रवासाचं काहीतरी सांग. दहा मिनिटं, जास्त नको." आता मी परदेशात गेलो तो लेकीकडं. ती एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथं नोकरी करते. एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याच्या तिपटीहून जास्त माणसं राहतात. पण मी टॅलिनबद्दल बोलणार नाही. तिथून रेल्वेनं पूर्वेला अडीच-तीन तासांवर नार्वा नावाचं गाव आहे, त्याबद्दल बोलणार आहे. ते पाहिल्यापासून आपला वर्ग माझ्या डोक्यातून जात नाही. कसा, ते शेवटी सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिथं गेलो. स्टेशनवर उतरलो तेव्हा उणे अकरा होतं. आपण मे महिन्यात ४४ अंशांत वाढलेली माणसं. मी दोन स्वेटर, वर कोट, कानटोपी, त्यावर मफलर असा अवतार करून निघालो होतो, तरी नाकातून पाणी थांबेना. बर्फावरून चालायची रीत मला लेकीनं शिकवली. पाय उचलून टाकायचा नाही, बदकासारखं लहान लहान पावलांनी जायचं. तसं जात जात आम्ही नदीवर पोचलो.

नदीचं नावही नार्वाच. काठाकाठानं बर्फ धरला होता, मधून काळं पाणी वाहत होतं. आणि नदीच्या दोन्ही काठांवर दोन किल्ले, समोरासमोर. अलीकडचा एस्टोनियात, त्याचा पांढरा उंच बुरूज, त्याला हेर्मनचा बुरूज म्हणतात. पलीकडचा इवानगोरोदचा, तो रशियात. तो १४९२ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननं मुद्दाम या किल्ल्याच्या तोंडासमोर बांधायला घेतला. मधलं अंतर इतकं कमी, की पलीकडच्या तटावरचा माणूस चालताना दिसतो. मधे एक पूल. त्याचं जुनं नाव मैत्रीचा पूल. आज तो युरोपियन युनियनची आणि नाटोची हद्द आहे. पलीकडून २०२४ च्या फेब्रुवारीपासून वाहनं बंद झाली, रात्री तर फाटकच बंद असतं. दिवसा माणसं पायी जातात, पिशव्या घेऊन, रांगेत तासन्‌तास उभी राहून.

या गावावर डेन, जर्मन सरदार, स्वीडन, रशिया अशी पाळीपाळीनं सत्ता आली. १७०० मध्ये स्वीडनच्या राजानं इथंच पीटर द ग्रेटचा पराभव केला, चार वर्षांनी पीटरनं गाव घेतलं. १९४४ च्या मार्चमध्ये सोव्हिएत बॉम्बहल्ल्यांत जुनं गाव जवळजवळ सगळं गेलं. रहिवाशांना त्याआधीच बाहेर काढलेलं होतं. युद्ध संपल्यावर त्यातल्या एस्टोनियन लोकांना परत येऊ दिलं नाही, आणि कारखान्यांसाठी रशियातून माणसं आणली. म्हणून आज देश एस्टोनियाचा, पाट्या एस्टोनियन, आणि रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये कानावर पडते ती रशियन. गावातली नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं घरी रशियन बोलतात. कुणाकडं एस्टोनियाचा पासपोर्ट, कुणाकडं रशियाचा, आणि काहींकडं राखाडी पासपोर्ट. राखाडी म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही.

आता मी तिथं गेलो कशाला? तर गिरणी बघायला. नार्वात क्रेनहोल्म नावाची कापड गिरणी होती. १८५७ मध्ये लुडविग क्नूप नावाच्या ब्रेमेनच्या व्यापाऱ्यानं ती नदीतल्या बेटावर, धबधब्याच्या जोरावर चालवण्यासाठी उभी केली. हा क्नूप इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं रशियात आणून द्यायचा. प्लॅट ब्रदर्स हे नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. आपल्यातल्या गिरणीवाल्यांच्या पोरांना ते माहीत आहे. वडील स्पिनिंग खात्यात होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन गेलो की बिडाच्या यंत्रावरची ती उठावाची अक्षरं बोटानं गिरवायचो. मी वाचलेलं पहिलं इंग्रजी तेच.

क्रेनहोल्ममध्ये एके काळी दहा हजारांवर कामगार होते. एस्टोनियन होते, रशियन होते. एस्टोनियनांसाठी ल्यूथरन चर्च, रशियनांसाठी ऑर्थोडॉक्स, दोन्ही १९ व्या शतकाच्या अखेरीला कामगारांसाठी बांधलेली, आजही उभी आहेत. १८७२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत कामगारांनी मोठा संप केला. आणि २०१० मध्ये गिरणीचं दिवाळं निघालं. आता लाल विटांच्या इमारती रिकाम्या आहेत. १९५० च्या दशकात वीजकेंद्रासाठी पाणी वळवलं, त्यामुळं धबधबाही एरवी कोरडाच असतो. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. आपल्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली उभं राहिल्यावर वाटतं तेच वाटलं, फक्त थंडी जास्त.

लेकीच्या ऑफिसातली एक मैत्रीण मूळची नार्वाची. तिची मावशी क्रेनहोल्ममध्ये तीस वर्षं मागावर होती. मैत्रीण आमच्याबरोबर आलेली, दुभाषी म्हणून. आम्ही मावशींच्या घरी गेलो. पाच मजली जुनी इमारत, बाहेर सगळं गोठलेलं आणि आत इतकं उबदार की मला एकेक करून सगळं उतरवावं लागलं. त्यांनी बीटचं सूप आणि काळा पाव दिला. मी शेंगाची चटणी दिली. त्यांनी ती सूपमध्ये टाकली! मी काही बोललो नाही. चांगली लागली म्हणाल्या.

मग मी पिशवीतून चादर काढली. आपली सोलापुरी चादर, लाल आणि निळी. मावशींनी ती हातात घेतली आणि पहिलं काय केलं असेल? उलटी केली. मागची बाजू पाहिली, किनारीवरून अंगठा फिरवला, उजेडाकडं धरली. मग मान हलवली. मला एकदम गलबलून आलं. आमच्या घरी वडील कुठल्याही लग्नात मिळालेलं कापड असंच उलटं करून बघायचे आणि आई म्हणायची, "लोकं बघतायत, ठेवा आता." मावशींचा आवाजही वडिलांसारखाच मोठा. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात बोललेलं माणूस हळू बोलायला शिकतच नाही.

त्यांची धाकटी बहीण पलीकडं, इवानगोरोदला राहते. सोव्हिएत काळात मधे सरहद्द नव्हती. पाळी सुटली की पूल ओलांडून बहिणीकडं चहाला जायच्या. आता त्या महिन्यातून एकदा जातात, पहाटे उठून रांगेत उभं राहून. युद्धाबद्दल दोघी बहिणी बोलत नाहीत. मी विचारलं, मग काय बोलता? म्हणाल्या, "गुडघ्यांबद्दल."

आम्ही बोलत होतो तेव्हा त्यांचा नातू शाळेतून आला. चौथीत आहे. दप्तर ठेवलं, आमच्याकडं बघितलं, आत गेला. मावशींनी दार लोटून घेतलं आणि आवाज पहिल्यांदाच खाली आणला. म्हणाल्या, "घरी बडबडा आहे. शाळेत बोलत नाही."

कारण असं. एस्टोनियानं २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्या शाळा एस्टोनियन माध्यमाच्या करायला सुरुवात केली, पहिली आणि चौथीपासून. २०३० पर्यंत ते पुरं करायचं आहे. या पोराचे आधीचे तीन वर्ग रशियनमध्ये झाले होते. चौथीत गेला आणि गणितसुद्धा दुसऱ्या भाषेत आलं. सुरुवातीला उत्तरं द्यायचा. एकदा काहीतरी चुकीचं बोलला, त्याच्यापेक्षा बरी भाषा येणारी दोन पोरं हसली. तेव्हापासून गप्प.

मला सरकारचा राग यायला हवा होता, पण सरळ राग येईना. एस्टोनियन बोलणारी माणसं जगात दहा-अकरा लाख. सोव्हिएत राज्यात त्यांना वाटलं होतं की आपली भाषा आपल्याच देशात संपणार. देशात राहणाऱ्याला देशाची भाषा यावी, यात चूक काय? आपण मराठीसाठी हेच म्हणतो. मावशीही तेच म्हणाल्या. "शिकू दे की. मी शिकले नाही, त्याचं मला वाईट वाटतं. भाषेचं काही नाही. हसतात, त्याचं आहे."

इथं मला आपला वर्ग आठवला.

पाचवीत आपल्या वर्गात पूर्व भागातला एक मुलगा आला होता. चौथीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकलेला. नाव घेत नाही, त्यानं तसं सांगितलं आहे. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवलं असेल. गणितात आपल्या सगळ्यांच्या पुढं. मराठी वाचताना मात्र "मी घरी गेली" म्हणायचा, "पुस्तक दिला" म्हणायचा. मी वर्गाचा मॉनिटर. मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून त्याची नक्कल करायचो आणि तुम्ही हसायचात. मी नक्कल चांगली करायचो, म्हणून गॅदरिंगला नाटकात घेतलं मला. बाई, तुम्ही एकदा पाहिलंत आणि मला तासभर वर्गाबाहेर उभं केलंत. मी बाहेर उभा राहून खिडकीतून पुन्हा तेच केलं. हे तुम्हाला माहीत नाही. आज सांगतो.

सहावीपासून तो वाचायला उभा राहिना. आठवीनंतर शाळेत आला नाही. यंत्रमागावर गेला असं कळलं. घरची परिस्थितीही होतीच, सगळं माझ्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. पण तो शाळेत टिकावा असं वाटण्याजोगं मी काही केलं नाही, उलट केलं.

नार्वाहून परतल्यावर मी त्याचा शोध घेतला. अवघड नव्हतं, माझ्या टॉवेल कारखान्यापासून दीड किलोमीटरवर राहतो. चाळीस वर्षं दीड किलोमीटर. मी गेलो, बसलो, जे बोलायचं ते बोललो. तो म्हणाला, "विसरलो बे मी ते." मराठी आता माझ्यापेक्षा चांगली बोलतो. चहा आला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मोठ्यानं वाचायचं मात्र मी तेव्हापासून सोडलं. नातीला गोष्टी बायको वाचून दाखवते."

मी त्याला आजच्या मेळाव्याचं आमंत्रण दिलं. त्यानं समितीची यादी बघितली आणि विचारलं, "यात माझं नाव नाही, मी कसा येऊ?" खरंच नव्हतं. आपण यादी केली ती दहावीच्या फोटोवरून. शाळेच्या कार्यालयातून आठवीचा जुना हजेरीपट मिळाला. त्यात एकसष्ट नावं आहेत. दहावीच्या फोटोत सत्तेचाळीस. म्हणजे चौदा जण आपल्याबरोबर त्याच बाकांवर बसले, त्याच नळाचं पाणी प्यायले, आणि आपण त्यांना माजी विद्यार्थी धरलंच नाही. त्यातले काही पूर्व भागातले, दोघी मुली लग्न होऊन गेलेल्या, एक जण विडी कामगाराचा मुलगा, माझ्याच गल्लीतला.

तेव्हा समितीला माझी विनंती आहे. स्मरणिकेत ही चौदा नावं इतरांबरोबर, अकारविल्ह्यानं छापावीत, वेगळी यादी करू नये. ज्यांची हरकत असेल त्यांची सोडून. आणि तुम्हा सगळ्यांना विनंती, हजेरीपटाची नक्कल बाहेर टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाताना बघा. कुणाचा पत्ता माहीत असेल तर समोर लिहा. नुसता फोन करू नका, घरी जा.

मार्चमध्ये लेकीच्या मैत्रिणीनं कळवलं की मावशी चादर पांघरत नाहीत, भिंतीवर लावली आहे. आणि नातू शाळेत अजून फारसा बोलत नाही. वर्गात शेजारी बसणारा एक एस्टोनियन मुलगा मात्र त्याला मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळायला घेतो.

आपला मित्र आज आलेला नाही. "बघू" म्हणाला होता. मी त्याला सांगितलं आहे की हे भाषण छापून आलं की स्मरणिका घेऊन मी त्याच्याकडं येणार. वाचून कोण दाखवणार, ते तिथं ठरवू.

दहा मिनिटं होऊन गेली, घड्याळाकडं बोट दाखवताय ते दिसतंय. थांबतो.